खाऱ्या हवेत घर बांधताना कुठे खर्च करावा

मालवण, वेंगुर्ले किंवा गुहागरच्या किनाऱ्यालगत घर बांधताना बहुधा आजचा दर पाहूनच माल निवडला जातो. इथल्या खाऱ्या, दमट हवेत मात्र वस्तू किती वर्षे टिकेल आणि ती बदलायला काय लागेल, हे जोडल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

स्लॅबमधली सळई पाहा. काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, पीएच १२.५ च्या आसपास किंवा वर, आणि त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर धरतो. समुद्राच्या तुषारांतले क्लोराइड (मिठाचा एक घटक) झिरपत सळईपर्यंत पोहोचले, की हा थर जागोजागी फुटून लोखंड गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे काँक्रीटवर आतून दाब येतो. प्रथम सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, मग तांबूस डाग उमटतो आणि शेवटी ढलपे गळू लागतात. तोवर सळईचे बरेच नुकसान झालेले असते.

क्लोराइड सळईपर्यंत पोहोचायला लागणारा काळ साधारणपणे कव्हरच्या, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कव्हर दुप्पट केल्यास सुमारे चौपट काळ मिळतो. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार सौम्य परिस्थितीत २० मिमी कव्हर चालते, तीव्र परिस्थितीत ४५ मिमी आणि समुद्राचे तुषार थेट झेलणाऱ्या पृष्ठभागाला ५० मिमी लागते. सळई योग्य अंतरावर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक एकूण खर्चात इतके किरकोळ असतात, की त्यांच्याऐवजी खडीचे तुकडे सरकवणे मला अक्षम्य वाटते. न धुतलेल्या समुद्राच्या वाळूने तर मीठ पहिल्याच दिवशी आत जाते.

भिंतीला चांगला कडक चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) वापरला, तर त्यात गंजायला सळईच नसते. पत्रा, नळ, पंप यांसारख्या बदलता येणाऱ्या वस्तूंत थोडी काटकसर चालेल. काँक्रीटमध्ये गाडले जाणारे मात्र पुन्हा काढता येत नाही, म्हणून पैसा आधी तिथे घालावा. रेलिंगसाठी ३०४ ऐवजी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील महाग पडते, पण क्लोराइडपुढे ते अधिक टिकते. छपराखालच्या, पाऊस न लागणाऱ्या भागावर मीठ साचून राहते, त्यामुळे ते रेलिंगही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे लागते.