व्हॉइसमेलचं ग्रीटिंग वेगळं, व्हॉइसमेलवर ठेवलेला निरोप वेगळा

तुम्ही फोन उचलला नाही की समोरच्याला तुमच्या आवाजात जे ऐकू येतं ते ग्रीटिंग. त्याने उचलला नाही आणि बीप वाजल्यावर तुम्ही बोलता तो निरोप. नोकरी शोधताना दोन्हींची गरज पडते, आणि दोन्हीकडे एकाच साच्यातलं बोललं की ग्रीटिंग पाल्हाळिक होतं नि निरोपात नेमका नंबर राहून जातो.

ग्रीटिंग ऐकणाऱ्याने तुमचा नंबर लावलेलाच आहे. पुढ्यात उमेदवारांची यादी आहे आणि त्याला एवढंच कळायला हवंय, की फोन योग्य माणसाला लागलाय ना. फोन कंपनीचं तयार ग्रीटिंग अनेकदा नुसता नंबर वाचून दाखवतं, त्याने ही शंका फिटत नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव: ‘नमस्कार, मी अमुक अमुक. आत्ता फोन घेता येत नाहीये. आपलं नाव, नंबर आणि काम सांगून ठेवा, मी फोन करते.’ बास. पदवी, अनुभव काही नको. ‘सध्या नोकरीच्या शोधात आहे’ हे तर मुळीच नको. हेच ग्रीटिंग सध्याच्या साहेबांच्याही कानावर पडणार आहे. (कॉलर ट्यून हा तिसराच प्रकार. ती रिंग वाजत असताना ऐकू येते. तिथलं गाणं मुलाखतीच्या दिवसांत बंद ठेवलेलं बरं.)

निरोपात मात्र समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही असं धरून चालायचं. नाव, कोणत्या पदासाठी अर्ज केलाय, फोन कशासाठी केला, नंबर. नंबर सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, म्हणजे लिहून घेणाऱ्याला अख्खा निरोप पुन्हा ऐकावा लागत नाही. आकडे सुटे सांगा. जोडीने सांगितले की एकोणसाठचे एकोणसत्तर होतात. ‘सात’ आणि ‘साठ’ तर फोनवर जवळपास सारखेच ऐकू येतात.

हा दोष कानाचा नाही. साध्या फोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. ‘स’, ‘फ’ यांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो गळून पडतो. त्यामुळे नाव सावकाश, आडनावाआधी किंचित थांबून. हे दोन्हीकडे लागू, पण निरोपात जास्त, कारण तिथे नाव लिहून घेतलं जातं.

ग्रीटिंग रेकॉर्ड झालं की दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच फोन लावा आणि उचलू नका. ग्रीटिंग लागलंच नाही, तर *#61# डायल करून बघा: उत्तर न दिलेले कॉल कुठे वळतात आणि किती सेकंदांनी, हे बहुतेक जीएसएम नेटवर्कवर तिथे दिसतं. ते पाच सेकंदांवर असेल, तर फोन खिशातून काढेपर्यंतच कॉल व्हॉइसमेलकडे गेलेला असतो. जुने निरोपही पुसा. मेलबॉक्स भरलेला असला, तर ग्रीटिंग कितीही छान असो, पुढे बीपच वाजत नाही.