गोराईचा पॅगोडा आणि यांगूनचा श्वेडगॉन : आकार एक, रचना उलट

बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडताना बोटीतून जो सोनेरी कळस दिसतो, त्याला कोणी स्तूप म्हणते, कोणी बुद्धमंदिर, तर कोणी ‘म्यानमारच्या पॅगोडाची प्रतिकृती’. बाह्यरूपापुरते हे शेवटचे वर्णन खरे आहे. यांगूनच्या श्वेडगॉनप्रमाणेच, विपश्यना या ध्यानपद्धतीसाठी बांधलेल्या गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडालाही घंटेसारखा घेर, वर निमुळती होत जाणारी वलये आणि शिखरावर छत्र आहे. उंचीही दोहोंची साधारण 325 फूट. फरक आहे तो पोटात.

श्वेडगॉन भरीव आहे. विटांच्या त्या प्रचंड राशीवर सोन्याचे पत्रे मढवलेले आहेत. भाविक भोवतालच्या प्रशस्त चौथऱ्यावरून प्रदक्षिणा घालतो, स्तूपाच्या आत जात नाही. तपुस्स आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी आणलेले बुद्धांचे केस त्याच्या गाभ्यात आहेत, अशी तिथली परंपरा सांगते. मूळ भारतीय स्तूपाची रीतही हीच, आणि तिचा दाखला मुंबईपासून लांब नाही. नालासोपाऱ्याचा विटांचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली खणला, तेव्हा त्याच्या पोटातून दगडी करंडक निघाला आणि करंडकात सोन्याची फुले व बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले.

गोराईचा पॅगोडा मात्र पोकळ आहे, आणि माझ्या मते त्याचे खरे वैशिष्ट्य उंची नसून ही पोकळीच आहे. सुमारे 280 फूट व्यासाच्या दगडी घुमटाखाली एकही खांब नाही आणि तिथे एका वेळी आठ हजार साधक ध्यानाला बसू शकतात. विजापूरच्या गोलघुमटाचा व्यास याच्या जेमतेम निम्मा भरेल. भरीव स्तूपाचे वजन सरळ खाली उतरते. पोकळ घुमट मात्र आपल्या पायथ्याला सतत बाहेर रेटत असतो, म्हणून येथे राजस्थानी वालुकाश्माचे प्रत्येकी काही शे किलोंचे दगड खाचा पाडून एकमेकांत गुंतवलेले आहेत. घुमटाच्या माथ्यावरचा मधला दगड बसला की ही सारी वर्तुळे पक्की होतात. बुद्धांचे अस्थिधातू 2006 साली याच मध्यशिळेपाशी प्रतिष्ठापित झाले. श्वेडगॉनमध्ये जे राशीच्या पोटात दडलेले आहे, ते येथे साधकांच्या डोक्यावर आहे. बाहेरून दिसणारा उंच आकार या मुख्य घुमटावर आणखी घुमट चढवून साधलेला आहे.

पोकळ पॅगोडाची ही कल्पनाही ब्रह्मदेशातूनच आली. तिथले विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांनी 1952 साली यांगूनच्या आपल्या ध्यानकेंद्रात, आत बसून साधना करता येईल असा लहानसा पॅगोडा उभारला होता. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले आणि त्यांनी पहिले शिबिर मुंबईतच घेतले. गुरू आणि ब्रह्मदेश यांच्याविषयीची कृतज्ञता म्हणून गोराईच्या वास्तूला श्वेडगॉनचे रूप दिले गेले, तर तिचा गाभा ठरला तो ध्यानाच्या गरजेने. तिचे उद्घाटन 8 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले.

याच कारणाने येथे दर्शनाची रीतही वेगळी आहे. सर्वसाधारण पाहुणा घुमटाचा अंतर्भाग काचेआडच्या दालनातून पाहतो. आत बसण्याची मुभा दहा दिवसांचे विपश्यना शिबिर पूर्ण केलेल्यांनाच असते.