जुन्या अंगठीतला हिरा: ओल्ड माइन कट आणि ओल्ड युरोपियन कट

लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये किंवा न्यूयॉर्कच्या 47 व्या रस्त्यावरील दुकानांत शंभर वर्षांहून जुनी हिऱ्याची अंगठी शोधणाऱ्या ग्राहकाच्या कानावर दोन नावे हमखास पडतात: ओल्ड माइन कट आणि ओल्ड युरोपियन कट. दोन्ही हिऱ्यांचा माथा उंच असतो, दोन्हींचे पैलू आजच्या हिऱ्यांपेक्षा मोठे आणि थोडे ओबडधोबड असतात, आणि वरून पाहिले असता दोन्हींच्या मध्यभागी एक बारीक ठिपका दिसतो. त्यामुळे विक्रेतेही कधी अनवधानाने, तर कधी सोयीस्करपणे, एकाचे नाव दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण हिऱ्याच्या घाटावरून त्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज अंगठीच्या सांगितलेल्या वयाशी जुळतो की नाही, यावर खरेदीतला निम्मा निर्णय अवलंबून असतो.

पैलू मोजून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तळाचे टोक सपाट घासून केलेला बारीक पैलू, ज्याला व्यापारात क्युलेट म्हणतात, तो धरला तर दोन्हींचे पैलू 58 भरतात. वर 33 आणि खाली 25. फरक आहे तो कडेच्या रेषेत. ओल्ड माइन कट वरून चौकोनी, पण कोपरे गोलावलेला आणि बाजू किंचित फुगलेल्या असा दिसतो. ओल्ड युरोपियन कट गोल असतो. पहिला अठराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालला. दुसरा साधारण 1890 ते 1930 या काळात भरात होता.

चौकोनातून वर्तुळाकडे झालेला हा प्रवास कारागिरांच्या आवडीनिवडीपेक्षा त्यांच्या हत्यारांमुळे झाला. हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक पुष्कळदा अष्टफलकी असतो, म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारखा. अशा स्फटिकाचे वरचे टोक घासून सपाट केले आणि कोपरे थोडे मोडले, की कमीत कमी वजन गमावून जो आकार हाती येतो तोच ओल्ड माइन कट. दोन हिरे दोन काठ्यांच्या टोकांवर बसवून, एक दुसऱ्यावर हाताने घासत ही कड तयार केली जाई. या पद्धतीने अचूक वर्तुळ साधणे अतिशय कष्टाचे होते, आणि साधले तरी त्यासाठी चारही कोपऱ्यांचे वजन भुकटी करून टाकावे लागे. त्या काळी कच्चा माल भारतातून, विशेषतः कृष्णेच्या खोऱ्यातील कोल्लूरसारख्या खाणींतून येई, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ब्राझीलमधून. तो इतका मर्यादित होता की असे वजन फेकून देणे कोणाला परवडणारे नव्हते.

1860 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, 1871 मध्ये किंबर्लीच्या खाणीची सुरुवात झाली आणि बाजारात मालाची रेलचेल झाली. 1870 च्या दशकात बॉस्टनमध्ये हेन्री मॉर्स यांच्या कारखान्यात हिऱ्याची कड घासण्याचे वाफेवर चालणारे यंत्र तयार झाले. लेथवर लाकूड फिरावे तसा हिरा फिरू लागला आणि गोल कड सहज जमू लागली. एका बाजूने माल वाढला, दुसऱ्या बाजूने यंत्र आले. या दोन्हींच्या संगमातून ओल्ड युरोपियन कट रूढ झाला. तरीही माथा उंचच राहिला, कारण वरचे टोक घासूनच काढावे लागत होते आणि जितके कमी घासावे तितके वजन वाचत होते. 1900 च्या सुमारास यांत्रिक करवत आली, स्फटिक मधोमध कापून दोन हिरे काढता येऊ लागले, आणि मग माथा बसका ठेवण्यात तोटा उरला नाही. 1919 मध्ये बेल्जियन अभियंते मार्सेल तोल्कोव्स्की यांनी गणित मांडून माथ्याच्या उताराचा कोन 34.5 अंश सुचवला. ओल्ड युरोपियन कटमध्ये हा कोन बहुधा 40 अंश किंवा त्याहूनही अधिक असतो. पुढे जुन्या पद्धतीकडून आधुनिक ब्रिलियंटकडे, म्हणजे आजच्या प्रचलित गोल घाटाकडे, जाताना मधल्या वीसेक वर्षांत जे हिरे घडले, त्यांना व्यापारात ट्रान्झिशनल कट म्हणतात.

दुकानात अंगठी हाती आल्यावर तिच्याकडे प्रथम वरून नव्हे, तर बाजूने पाहावे. माथा उंच, वरचा सपाट पैलू लहान आणि खालचा भाग खोल असेल, तर हिरा जुन्या घाटाचा असण्याची शक्यता बरीच आहे. हे ठरल्यावर दहापट भिंगातून वरून कड न्याहाळावी. ओल्ड माइन कटमध्ये दोन बाजू क्वचितच सारख्या भरतात. एक कोपरा जास्त गोल, एक बाजू किंचित सपाट, असे काहीतरी असतेच. ओल्ड युरोपियनमध्ये मधल्या ठिपक्याभोवती पाकळ्यांसारखी रुंद रचना दिसते आणि ती बरीचशी प्रमाणबद्ध असते. तो ठिपका पाहून काही ग्राहक हिऱ्याला भोक पडले आहे असे समजतात; तो दोष नसून क्युलेटच आहे, आणि माइन कटमध्ये तो सहसा अधिक मोठा असतो. दुकानाच्या छतावरील प्रखर दिव्यांखाली दोन्ही प्रकार आधुनिक हिऱ्यापुढे मंद वाटू शकतात. हे हिरे मेणबत्तीच्या आणि गॅसच्या उजेडात वावरत असत. मोठ्या पैलूंमुळे त्यांच्यातून प्रकाशाचे तुटक, रुंद आणि रंगीत झोत निघतात. म्हणून अंगठी खिडकीपाशी आणि शक्य असल्यास अंधूक खोलीतही पाहण्याचा आग्रह धरावा. चांगला विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

अडचण येते ती मधल्या हिऱ्यांची. 1870 ते 1890 च्या दरम्यान घडलेले कितीतरी हिरे धड चौकोनी नाहीत आणि धड गोलही नाहीत. जवळजवळ गोल असलेल्या माइन कटला ओल्ड युरोपियन म्हणून विकणे सोपे असते, आणि अशा वेळी मिलिमीटरमधील लांबी-रुंदी विचारणे हाच मार्ग उरतो. आधुनिक कुशन कट मात्र याहून निराळा: त्याची कड माइन कटसारखी असली, तरी माथा बसका, तळ टोकदार आणि आतला प्रकाश चुरडलेल्या बर्फासारखा बारीक तुकड्यांचा असतो. माइन कट म्हणून तो कोणी पुढे केला, तर बाजूने एक नजर टाकताच खुलासा होतो.

हिरा ओळखता आला म्हणजे अंगठी ओळखता आली, असे मात्र नाही. हिरा झिजत नाही, त्यामुळे एकाच हिऱ्याने शतकभरात तीन-चार कोंदणे पाहिलेली असू शकतात. म्हणून कोंदणाचे वय स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. अठराव्या शतकातील आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच्या अंगठ्यांत हिऱ्यामागे चमकदार वर्ख घालून कोंदण मागून बंद केलेले असे. पुढे मागची बाजू उघडी झाली, तरी हिऱ्याभोवती चांदी आणि मागे सोने, ही रचना व्हिक्टोरियन काळात टिकून होती. पांढऱ्या हिऱ्याला पांढरा धातू शोभतो आणि मागचे सोने त्वचेला चांदीच्या काळवंडण्यापासून वाचवते, हे त्यामागचे कारण. उंच नख्यांनी हिरा वर उचलून धरणारे न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीचे सहा नख्यांचे कोंदण 1886 मधले. प्लॅटिनमचा प्रसार 1900 नंतरचा, कारण ते वितळवण्याइतकी उष्णता देणारी ज्योत त्या सुमारास कारागिरांच्या हाती आली. तेव्हा कडेला बारीक दाणे ओढलेली, जाळीदार प्लॅटिनमची अंगठी आणि तिच्यात ओल्ड युरोपियन कट, ही जोडी स्वाभाविक आहे. त्याच अंगठीत माइन कट असेल तर तो घराण्यातला जुना हिरा नव्याने बसवलेला असू शकतो, आणि त्यात काही वावगे नाही. उलट, 1840 ची म्हणून दाखवलेल्या अंगठीत नेटका गोल ओल्ड युरोपियन कट असेल, तर हिरा नंतर बदलला आहे किंवा अंगठीच नंतरची आहे; विक्रेत्याकडे याचा समाधानकारक खुलासा असला पाहिजे.

ब्रिटिश अंगठ्यांच्या बाबतीत आतल्या बाजूचे ठसे मोठी मदत करतात. बिबट्याचे तोंड लंडनचे, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि शेजारचे अक्षर वर्षाचे. 22 कॅरेटची सवय असलेल्या मराठी ग्राहकाला 15 कॅरेटचा ठसा पाहून शंका येईल; पण ब्रिटनमध्ये हा दर्जा 1854 मध्ये सुरू झाला आणि 1932 मध्ये बंद झाला, त्यामुळे तो ठसा वयाचा उत्तम पुरावा ठरतो. प्लॅटिनमला ब्रिटनमध्ये अधिकृत ठसा 1975 पासूनच लागतो, म्हणून जुन्या प्लॅटिनमवर तो नसणे संशयास्पद मानू नये. पुष्कळ जुन्या सोन्याच्या अंगठ्यांवरही ठसे नसतात, आणि माप बदलताना अंगठीचा नेमका ठशाचा तुकडा कापला गेल्याचीही उदाहरणे आढळतात.

गेल्या काही वर्षांत जुन्या घाटाला पुन्हा मागणी आल्यामुळे दोन्ही प्रकारचे हिरे नव्याने घडवले जाऊ लागले आहेत, आणि त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही आहेत. असे हिरे घेण्यात गैर काहीच नाही, पण ते जुन्याच्या भावाने घेऊ नयेत. जुन्या हिऱ्याची कड भिंगाखाली दुधी काचेसारखी खरखरीत दिसते. नव्याची पुष्कळदा तकतकीत, पैलू पाडलेली असते आणि एकूण प्रमाणबद्धता संशय यावा इतकी निर्दोष असते. जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेच्या अहवालात घाटाचे नाव मिळते, परंतु तो घाट कोणत्या वर्षी पाडला हे अहवाल सांगत नाही. आधुनिक गोल हिऱ्याला मिळते तशी कटची श्रेणीही या जुन्या घाटांना मिळत नाही. ती नसणे म्हणजे हिरा हलका आहे, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा आहे.

वजनाच्या बाबतीत सावध राहावे. एक कॅरेटचा आधुनिक गोल हिरा सुमारे 6.5 मिलिमीटर व्यासाचा असतो; जुने हिरे खोल असल्याने त्याच वजनात वरून लहान दिसतात. कोंदणात बसलेल्या हिऱ्याचे वजन मापांवरून काढलेला अंदाज असतो, आणि मागून बंद कोंदणात तर खोलीच मोजता येत नाही. त्यामुळे वजन हिरा सुटा करून केले आहे की अंदाजाने, हे विचारणे आवश्यक आहे. रंगात किंचित पिवळी झाक दोन्हींत सर्रास आढळते. दक्षिण आफ्रिकेच्या मालामुळे अशा हिऱ्यांना व्यापारात केप म्हणण्याची पद्धतच पडली. पिवळ्या सोन्यात ही झाक शोभून दिसते. प्लॅटिनममध्ये ती अधिक जाणवते.

कड पातळ असल्यामुळे जुन्या हिऱ्यांना टवके पडण्याचा धोका असतो, आणि ते टवके नेमके नख्यांखाली दडलेले असतात. बंद कोंदणाची अंगठी पाण्यात बुडवून धुऊ नये. आत ओल गेली की वर्ख काळा पडतो आणि हिरा कायमचा निस्तेज दिसू लागतो.

काही विक्रेते जुना हिरा नव्याने घासून अधिक चमकदार करून देण्याची तयारी दाखवतात. एकेकाळी व्यापारी जुन्या हिऱ्याची किंमत घासल्यानंतर उरणाऱ्या वजनावरच ठरवत, म्हणून कितीतरी माइन कट असे नाहीसे झाले. त्र्यंबकेश्वरच्या मंदिरातला नासक हिरा 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, लंडनमध्ये त्याला नवे पैलू पडले, आणि 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घासला तेव्हा सुमारे 80 कॅरेटचा हिरा 43.38 कॅरेटवर आला. अंगठीतल्या लहान हिऱ्याचे नुकसान आकड्यात कमी असले, तरी त्याचा जुना घाट, ज्यासाठी आज जास्त पैसे मोजले जातात, तो संपूर्णच जातो.

दोहोंत निवड करायची झाल्यास, रोज वापरायच्या अंगठीसाठी मी ओल्ड युरोपियन कट सुचवेन: तो तुलनेने सहज मिळतो, बहुधा उघड्या कोंदणात असतो आणि शेजारी दुसरा हिरा जोडायचा झाल्यास जुळणारा सापडू शकतो. माइन कटला जोडीदार शोधणे हे महिनोन्‌महिने चालणारे काम आहे. कोणताही घेतला, तरी पावतीवर घाटाचे नाव, लांबी-रुंदी, वजन मोजलेले की अंदाजे, कोंदणाचा काळ, आणि हिरा मूळचा की नंतर बसवलेला, या गोष्टी स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात. पावतीवर नुसते ‘जुन्या घाटाची अंगठी’ असे लिहिले असेल, तर त्या शब्दांत कालच घडवलेली अंगठीही बसते.