पाय उचलला तरी रेस उतरत नाही

पेट्रोल इंजिनाचा वेग हवा ठरवते. पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्या हवेकडे बघून ठरवतो. त्यामुळे गाडी पुरती गरम झालेली आहे, पणजीच्या सिग्नलवर न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि तरीही इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला 750-850 वर न उतरता 1500 वर अडला आहे, अशा वेळी विचारायचे एवढेच: बटरफ्लाय (पेडल दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) बंद असताना ही जास्तीची हवा शिरते कुठून? ती चोरवाटेने येते आहे, की ईसीयू स्वतःच मागवतो आहे?

मॉडिफाय केलेल्या गाडीत पहिला आळ कोन फिल्टरवर (मूळ डब्याऐवजी बसवलेल्या शंकूसारख्या उघड्या एअर फिल्टरवर) येतो, कारण बॉनेट उघडल्यावर तोच आधी दिसतो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. फिल्टर बटरफ्लायच्या आधी बसतो. टाकीपासूनचा पाइप कितीही जाड केला, तरी नळ बंद असेल तर बादलीत थेंबही जास्त पडत नाही. बटरफ्लायच्या आधीची गळती रेस वाढवत नाही. एअर फ्लो सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ती वेगळा त्रास देते. सेन्सरच्या पुढे ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत आणणारा, पाइप उघडा राहिला, तर न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होते, गाडी थरथरते, कधी बंद पडते. पण ते दुखणे निराळे.

रेस चढते ती बटरफ्लायनंतरच्या गळतीने, आणि तिथे भोक किती छोटे पुरते हे पाहण्यासारखे आहे. 1200 सीसीचे गरम इंजिन एसी बंद असताना मिनिटाला 800 फेऱ्यांवर सेकंदाला साधारण 2 ग्रॅम हवा ओढते. तेव्हा मॅनिफोल्डमधला (बटरफ्लायपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातला) दाब 30-40 किलोपास्कल असतो आणि बाहेर, मांडवीच्या काठावर, 101 च्या आसपास. आतला दाब बाहेरच्या 53 टक्क्यांच्या खाली गेला की भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि मग आतून ओढ कितीही वाढली तरी प्रवाह वाढत नाही. बॉनेटखालून येणारी ती 'स्स्स' त्याचीच. हिशोब केला तर 4 मिलिमीटरच्या भोकातून अशा वेळी सेकंदाला 2 ग्रॅमहून थोडी अधिक हवा आत जाते. म्हणजे टोपण निघालेली एक बारीक व्हॅक्यूम नळी इंजिनाची हवा दुप्पट करते. जुवारी पुलावर 80 च्या वेगाने जाताना मात्र इंजिन सेकंदाला 10-12 ग्रॅम हवा घेत असते. त्यात ही भर पायालाही जाणवत नाही. 'पळताना गाडी एकदम ठीक, उभी केली की बोंबलते' या तक्रारीचे कारण हे.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून, तिचा अंदाज काढला जातो. तिथे चोरून आलेली हवाही हिशोबात धरली जाते, तिला पेट्रोलही मिळते, आणि रेस सरळ चढते. काही वेळा काटा 1000 ते 1800 मध्ये झोके घेतो. पाय पेडलवर नाही आणि फेऱ्या जास्त, म्हणजे गाडी उतारावर आहे असे समजून ईसीयू पेट्रोल तोडतो. फेऱ्या पडल्या की पुन्हा सोडतो. सेन्सर बिघडला म्हणून तो बदलण्याआधी हे लक्षात घ्यावे.

तपासायला ओबीडी रीडर (ईसीयूतले आकडे दाखवणारे यंत्र) लावा. कूलंट 85-90 अंशांवर येऊ द्या, एसी आणि दिवे बंद करा आणि इग्निशन टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, बघा. आयडलिंगला (पेडल न दाबता उभ्या गाडीत) ते साधारण 5 ते 15 अंश पुढे असते. ते शून्याकडे किंवा त्याच्याही खाली गेले असेल, तर ईसीयू रेस खाली ओढायचा आटापिटा करतो आहे, म्हणजे हवा चोरवाटेची. टायमिंग नेहमीसारखे आणि रेस तेवढी जास्त असेल, तर ती त्यानेच मागवली आहे.

चोरवाट शोधायला कोन फिल्टरवर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून दाबून धरा. दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडायला हवे. चालूच राहिले तर श्वास दुसरीकडून चालला आहे. मग फडके गुंडाळलेल्या पकडीने व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून दाबा. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आधी, मग पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा), मग बारीक नळ्या. जो दाबल्यावर रेस उतरते तो गुन्हेगार. पाइपांत काही सापडले नाही तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर, इंजेक्टरच्या रबरी रिंगांवर आणि थ्रॉटल बॉडीच्या (बटरफ्लाय ज्यात बसतो त्या भागाच्या) सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे आवाज क्षणभर बदलतो. वायरचे जोड आणि तापलेला हेडर (इंजिनाला जोडलेले धुराचे पाइप) टाळा. कार्ब क्लीनरचा फवारा किंवा पेटती अगरबत्ती फिरवण्याची पद्धत सर्रास आहे, पण गरम हेडरजवळ तो आगीशी खेळ आहे. सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारे) सीएनजी किट बसवलेल्या गाडीत मॅनिफोल्डला भोके पाडून नोझल लावलेले असतात. तिथला सीलंट सुटणे नेहमीचे.

गळती नसेल तर बटरफ्लाय खरेच बंद होतो का ते पाहा. ॲक्सिलरेटर केबलला 2-3 मिलिमीटर ढील हवी. 50 ऐवजी 60 मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी बसवली की तोंडाचे क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढते. कडेची फटही लांबते, आणि जुन्या बॉडीचा हिशोब पाठ असलेला ईसीयू गोंधळतो. बटरफ्लायची बंद स्थिती ठरवणारा स्टॉप स्क्रू पिळून रेस उतरवू नका. बंद स्थितीत थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज 0.5 च्या आसपास हवा. तो वर सरकला तर पाय पेडलवरच आहे असे ईसीयू समजतो आणि आयडलिंग सांभाळायचेच सोडून देतो.

आता ईसीयूनेच हवा मागवली असेल तर. इथे गोव्याची हवा मध्ये येते. कूलंटच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे 2500 ओहम असतो आणि 80 अंशांना 300. गार तितका जास्त. किनाऱ्यावर खाऱ्या दमट वाऱ्याने जोडाच्या पिनांवर हिरवट थर चढतो. त्याने 500 ओहमची भर घातली, तर तापलेले इंजिन ईसीयूला 50 अंशांचे वाटते आणि तो सकाळच्या थंड इंजिनासारखी रेस चढती ठेवतो. रीडरवरचा आकडा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेच्या) घरावर मोजलेला आकडा यांत 20-30 अंशांचा फरक दिसला, तर सेन्सर घेण्याआधी जोड कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. दुसरे कारण हाताने ओढवलेले: 'इथल्या उन्हात गाडी तापू नये' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. मग भर पावसात पळणारे इंजिन 65 अंशांच्या पुढे जात नाही, रेस चढीच राहते आणि पेट्रोलही जास्त जळते. थर्मोस्टॅट परत बसवा.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर रेस चढली तर घाबरू नका. काजळीने अडलेल्या हवेची सवय ईसीयूला झालेली असते. बॅटरीची निगेटिव्ह 15 मिनिटे काढून ठेवा, परत लावा, मग पेडलला पाय न लावता गाडी 10 मिनिटे एसीशिवाय आणि 5 मिनिटे एसीसह चालू ठेवा. काही कंपन्यांच्या गाड्यांत हे स्कॅनरनेच करावे लागते. इलेक्ट्रॉनिक बटरफ्लाय बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. आणि हॉट कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) घातला असेल तर 750 चा हट्ट सोडा. आत-बाहेरचे व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहत असल्याने इंजिन 900-1000 लाच धड चालते.