भस्त्रिका, मुंग्या आणि कार्बन डायऑक्साइड

बडोद्यात सकाळी कमाटीबागेत चक्कर मारली की कुठल्या ना कुठल्या झाडाखाली एखादा ग्रुप भस्त्रिका (लोहाराच्या भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम) करताना दिसतोच, आणि त्यातले बरेचसे नवीन असतात, मोबाईलवर कुंडलिनी योगाचे व्हिडिओ बघून सुरुवात केलेले. सुरुवात केली हे चांगलंच. पण एक समज सारखा कानावर येतो, की जोरजोरात श्वास घेऊन बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं की समजायचं शक्ती वर चढायला लागली. मग लोक अजून जोर लावतात. ते थांबावं म्हणून हे लिहितोय.

कुंडलिनी म्हणजे मूलाधारात, कण्याच्या तळाशी, वेटोळं घालून झोपलेली शक्ती, ती सुषुम्नेतून, म्हणजे कण्यातल्या मधल्या नाडीतून, एकेक चक्र ओलांडत माथ्यावरच्या सहस्रारापर्यंत जाते अशी हठयोगातली कल्पना, आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायामुळे घरोघरी माहीत असलेली. चक्रं शरीर कापून सापडत नाहीत, ती ध्यान लावायची ठिकाणं आहेत आणि तेवढ्याने त्यांचं महत्त्व कमी होत नाही. हल्ली क्लासमध्ये 'कुंडलिनी योग' नावाने जे आसन, बंध (स्नायू आवळून धरणं), मंत्र आणि 'ब्रेथ ऑफ फायर' (भराभर, लयीत श्वास) असं पॅकेज मिळतं ते मात्र बरंचसं योगी भजन यांनी १९६८ नंतर अमेरिकेत रुजवलेलं आहे.

आता मुंग्यांकडे येऊ. सगळ्यांना वाटतं जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन. पण निरोगी माणसाचं रक्त शांत बसल्यावरही ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेलंच असतं, अजून भरायला जागाच नसते. बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के आणि आपण सोडतो त्या श्वासात ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भराभर श्वास सोडला की तो शरीरातून धुऊन निघतो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो, तो उतरला की रक्ताचा आम्लपणा कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब १ मिलिमीटर घटला की मेंदूकडे जाणारं रक्त ढोबळमानाने ३ टक्के कमी. शिवाय १९०४ मध्ये ख्रिश्चन बोर यांनी दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइड कमी असला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सहज सोडत नाही. म्हणजे धापा टाकून आपण मेंदूला ऑक्सिजन उलट कमीच देतो! डोकं हलकं होतं ते यामुळे.

आणि मुंग्या? रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, आम्लपणा घटला की त्याच्यावरचे हायड्रोजन आयन सुटतात आणि त्या मोकळ्या जागी कॅल्शियम जाऊन चिकटतं, मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं, आणि ते कमी पडलं की मज्जातंतू उगाचच संदेश पाठवायला लागतात, म्हणून आधी ओठ, बोटं झिणझिणतात आणि तरीही थांबलं नाही तर हाताची बोटं आखडून वळतात. मन लावून केलंत की आजार म्हणून झालं, याचा इथे काही संबंध नाही, घाबरून धाप लागलेल्या माणसालाही हेच होतं. तेव्हा कोणी बाबा शिबिरात पंधरा मिनिटं धापा टाकायला लावून 'बघा, शक्तिपात झाला', म्हणजे गुरूची शक्ती तुमच्यात उतरली, म्हणाला तर पैसे देऊ नका.

उथळ कपालभातीत हे इतकं होत नाही, कारण साध्या श्वासातल्या ५०० मिलीलीटरपैकी १५० तर नाकापासून श्वासनळ्यांपर्यंतच राहतात, आणि छोट्या झटक्यांत बहुतेक तीच हवा आतबाहेर होते. खोल भस्त्रिकेत फुफ्फुसातली हवा बदलते म्हणून खरी काळजी तिथे.

हे तपासून बघायची सवय बडोद्याला जुनी आहे. डभोईत १८८३ साली जन्मलेले, इथे जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२१-२२ मध्ये इथल्याच हॉस्पिटलात उड्डियान (पोट आत खेचणं) आणि नौलीवर (पोटाचे स्नायू घुसळणं) प्रयोग केले, एक्स-रे काढले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. श्रद्धाही आणि मोजमापही, मला हा माणूस फार आवडतो.

मग नवीन माणसाने करायचं काय? सुरुवात हळू श्वासाने करा. पाठ सरळ ठेवून सुखासनात बसा आणि मिनिटाला सहाच श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नर्व्ह हृदयाचा वेग उतरवते, म्हणून शांत वाटतं. मंत्र म्हणत केलं तर लय आपोआप येते, २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांना 'ॐ मणि पद्मे हूं' म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं दिसलं होतं. काही आठवडे हे जमलं की मग भस्त्रिका, तीही दहा-पंधरा वेळा आणि मग साधा श्वास. मुंग्या आल्या की थांबा, आपोआप जातात. भस्त्रिकेनंतर श्वास जास्त वेळ रोखता येतो तोही याच कारणाने, श्वास घ्यायची हाक कार्बन डायऑक्साइड देतो आणि तोच कमी झालेला असतो, म्हणून पोहायला उतरण्याआधी हे अजिबात करू नका, पाण्याखाली शुद्ध जाऊन माणसं बुडाली आहेत. ब्लडप्रेशर, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू, हर्निया, गरोदरपण किंवा मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील तर जलद श्वास आणि कुंभक (श्वास रोखणं) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हळू श्वास बहुतेकांना चालतो.