लाल म्हणजे तिखट नव्हे: ब्याडगी आणि लवंगी

मिसळीवर लालभडक तर्री दिसली की ‘जाळ असणार’ असं आपण घास घेण्याआधीच ठरवतो. पण मिरचीतला लाल रंग आणि तिखटपणा ही दोन वेगळ्या द्रव्यांची कामं आहेत. रंग कॅप्सॅन्थिनचा, तो सालीत असतो. जाळ कॅप्सेसिनचा. ते आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत तयार होतं. बिया तिखट लागतात त्या तिच्या संगतीनं.

ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, 2011 पासून भौगोलिक मानांकन असलेली. लांब, सुरकुतलेली, गडद लाल. तिच्यातली डब्बी जात तर खास रंगासाठीच घेतात. वाटण लालचुटूक होतं, तिखट मात्र बेताचं. लवंगी उलट: बारीक, आखूड, रंगाला फारशी देखणी नाही, पण मूठभर जास्त पडली तर घरातला प्रत्येक जण पाणी मागेल. म्हणून तर उन्हाळ्यात कांडपाला जाताना बायका एकाच मिरचीवर भागवत नाहीत. रंगाला ब्याडगी किंवा काश्मिरी, चवीला संकेश्वरी, झणक्याला थोडी लवंगी. हे प्रमाण घराघरात वेगळं, आणि त्यातच त्या त्या घराची चव आहे.

हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘कोल्हापुरी’ म्हणजे लाल आणि जहाल असं समीकरण झालंय. मला तो कोल्हापूरवर अन्याय वाटतो. तांबडा रस्सा उभा राहतो मटणाच्या अळणीवर म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर, भाजलेल्या खोबऱ्यावर, तीळ-खसखशीवर आणि कांदा-लसूण चटणीवर. नुसती लवंगी ओतून तो होत नाही. तिकडे नागपूरच्या सावजीचा रस्सा काळपट, त्यात लालीचा दिमाख नाही, आणि नवख्याला घाम फोडतो. हिरव्या मिरचीच्या ठेच्यात तर लाल थेंबही नसतो!

जिभेला रंग कळतच नाही. कॅप्सेसिन तिथल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं, म्हणून तिखट ‘भाजतं’. ही ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं.

या गैरसमजाची किंमतही मोजावी लागते. लाल तेच अस्सल, अशी गिऱ्हाइकाची समजूत असली की भेसळ करणाऱ्याचं फावतं. 2003 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीत सुदान नावाचा कारखानी रंग सापडला होता. खरं तिखट उजेडात ठेवलं तर महिन्यागणिक फिकं पडतं, जाळ मात्र बराच टिकून राहतो. तेव्हा जुनं तिखट फिकं दिसतंय म्हणून चमचा वाढवू नका.

बाजारात सुकी मिरची घेताना देठाजवळचा तुकडा मोडून जिभेला लावा. टोकाकडचा नको, कारण तिथं ती पांढरी शीर फारशी नसते.