टीदिंग टॉय आणि डेंटल च्यू: कुत्र्याच्या पिल्लाला कधी काय द्यावं?

दोन्ही हाडाच्या आकारात मिळतात, दोन्हींच्या पाकिटावर दातांचं चित्र असतं आणि दोन्ही चावायचेच असतात. पण टीदिंग टॉय हे दात येताना चावायचं खेळणं आहे, त्याचा कणही पोटात जाता कामा नये. डेंटल च्यू हा दात साफ ठेवणारा खाऊ आहे, तो चावून संपवायचा असतो. चार महिन्यांच्या पॉमेरेनियनला किंवा चिवावाला खेळण्याऐवजी च्यू दिला, की ते मोठे तुकडे तसेच गिळतं.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून पुढचे दात पडू लागतात, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. तोवर हिरड्या ठणकतात, म्हणून पिल्लू चपलेपासून खुर्चीच्या पायापर्यंत सापडेल ते चावतं. टीदिंग टॉयने फक्त हिरडीला सुखावणारा दाब द्यायचा असतो, त्यामुळे ते मऊ रबराचंच हवं. अंगठ्याचं नख दाबून पाहा: खळगा पडला तर चालेल, नखच वाकलं तर नको. दुधाचे दात सुईसारखे बारीक आणि त्यांवरचं एनॅमल पातळ असतं. शिंग, खूर, हाड किंवा कडक नायलॉन चावताना दात मोडला तर आतली नस उघडी पडते आणि जंतू मुळाशी, म्हणजे कायमचा दात घडतो आहे तिथवर पोचतात.

पिल्लू छोटं म्हणून सगळ्यात छोटं खेळणं घेणं ही नेहमीची चूक. ते अख्खं तोंडात मावता कामा नये. पोकळ खेळण्याला दोन भोकं हवीत, कारण एकच असेल तर चाटताना हवा ओढली जाऊन जीभ आत अडकू शकते. खेळणं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून द्या, पण बर्फासारखं टणक करू नका. दोरीची खेळणी मात्र या वयात नकोतच. गिळलेला धागा आतड्यात अडकला की आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि शस्त्रक्रिया करावी लागते.

डेंटल च्यू कायमच्या दातांसाठी आहे. दात घासल्यावर काही तासांतच त्यांवर पुन्हा चिकट थर धरू लागतो. दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तो टणक होतो, तेच कीटण. दात च्यूमध्ये रुततो आणि बाहेर येताना हा थर पुसला जातो. दोन घासांत संपणारा च्यू म्हणूनच निरुपयोगी. पाकिटावर व्हीओएचसीची (प्राण्यांच्या दातांसाठीची उत्पादनं तपासणाऱ्या ‘व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल’ची) मोहोर असेल, तर चाचण्यांत थर किंवा कीटण कमी झालेलं दिसलं आहे. वय आणि वजनाची अट जरूर वाचा. बरेच च्यू सहा महिन्यांखालच्या पिल्लांसाठी नसतात. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवा. इवल्याशा कुत्र्याच्या बाबतीत एक च्यूही ही मर्यादा ओलांडू शकतो, तेव्हा तेवढं जेवण कमी करा.

हिरडीच्या कडेचा थर मात्र ब्रशनेच निघतो. मऊ ब्रश ४५ अंशांत टेकवून दातांची बाहेरची बाजू रोज घासा. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. माणसांच्या काही पेस्टमध्ये गोडव्यासाठी झायलिटॉल असतं आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. दात येत असताना नुसता ओठ उचलून बोट फिरवण्याची सवय लावली तरी पुरे.

ओठ उचललाच आहे तर सुळे नीट पाहा. वरचा नवा सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढे येतो, खालचा आतल्या बाजूला. छोट्या जातींत जुना सुळा अनेकदा पडतच नाही. मग दोघांच्या फटीत अन्न साचतं आणि खालचा नवा सुळा टाळूला टोचू लागतो. खेळणं चावून जुना सुळा पडेल म्हणून थांबू नका, आणि घरी ओढूही नका: त्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं, ते मोडून आत राहतं. नवा सुळा वर आलेला दिसला आणि जुना अजून घट्ट असला, तर त्याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवा. ते भूल देऊन तो मुळासकट काढतात.